दोष कोणाचा मानावा?

कोणतीहि वस्तु बिघडली म्हणजे मनुष्याच्या मनांत दोन प्रश्न जवळजवळ एकदमच उभे राहतात. ‘हें कशानें झालें?’ हा एक, व ‘हें कोणीं केलें?’ हा दुसरा. पहिला प्रश्न जिज्ञासेचा आहे, दुसरा निवाड्याचा. पहिल्याचें उत्तर मिळण्यास पुष्कळदां आठवडेच्या आठवडे लागतात. दुसऱ्याचें उत्तर प्रश्नाच्या आधींच मनांत तयार असतें. आणि एकदां दुसऱ्याचें उत्तर मिळालें कीं, पहिला प्रश्न विचारण्याची गरजच कोणास वाटेनाशी होते. या विषयावर लिहिण्यास आम्हांस जें निमित्त झालें तें इतकें क्षुल्लक आहे कीं, तें सांगतांना थोडा संकोच वाटतो. एका घरांतील शीतकपाटांत बर्फ करण्याची जी योजना असते, तींतील तळहाताएवढा एक पंखा बंद पडला. इतकेंच. परंतु त्या पंख्याच्या पायीं एका वृद्ध बाईंवर जो ठपका आला, आणि तो येत असतां आम्हीं जें मौन धरलें, त्याचा विचार अजून आमच्या मनांतून जात नाहीं.

सन २०२३ च्या जून महिन्यांत आमच्या वडील भगिनी (आम्ही सर्व भावंडें त्यांस अक्का म्हणतों) आपल्या मुलाकडे अमेरिकेंत न्यू जर्सी येथें सहा महिन्यांकरितां राहण्यास गेल्या. त्याच उन्हाळ्यांत आम्हीहि तेथें पांच-सहा आठवडे पाहुणे होतों. आमच्या भाच्याच्या स्वयंपाकघरांत, तिकडील पुष्कळ घरांत असतें तसें, एक भलें मोठें शीतकपाट होतें. वरच्या भागास दोन दारें, खालीं ओढून उघडावयाचा गोठण-कप्पा, आणि डाव्या दारांत पाणी व बर्फ बाहेर येण्याचें तोंड. पेला लावून कळ दाबली कीं बर्फाचे खडे खळखळत पेल्यांत पडत. पाहुण्यास साधें पाणी देणें म्हणजे कांहीं तरी उणें ठेवणें, अशी त्या देशांतील समजूत दिसते. माठाच्या पाण्यावर वाढलेल्या आमच्यासारख्याचे दांत त्या पाण्यानें शिवशिवतात, ही गोष्ट निराळी.

अक्का येऊन तीन आठवडे झाले नाहींत तोंच त्या कपाटांतून रात्रीं घरघर ऐकूं येऊं लागली. दार उघडलें कीं आवाज थांबे; लावलें कीं थोड्या वेळानें पुन्हां सुरू होई. मग एके दिवशीं तो आपोआप बंद पडला व सर्वांस बरें वाटलें. परंतु आवाज गेला तो विकार बरा झाला म्हणून नव्हे, पंखाच थांबला म्हणून. दुसऱ्या दिवशीं खड्यांचा एकच गोळा झाला, कळ दाबल्यावर पेल्यांत थेंब पडूं लागले, आणि दारावरील चिमुकल्या पडद्यावर एक सांकेतिक आंकडा लुकलुकूं लागला. माहिती-पुस्तिकेंत त्या आंकड्यापुढें लिहिलें होतें: बर्फाच्या कप्प्यांतील पंख्याचा दोष.

“आई आल्यापासूनच हें सुरू झालंय,” असें सून म्हणाली. ती रागानें म्हणाली नाहीं. जें दिसलें तें तिनें सांगितलें. अक्का दूध तापवून तें कोमट असतांनाच कपाटांत ठेवीत. दार उघडें धरून कोथिंबिरीची जुडी शोधीत. मिरच्यांचीं देंठें काढण्याचें काम तर दाराशींच उभ्या राहून चाले. हें सर्व खरें होतें. भाचा आईजवळ जाऊन अतिशय सौम्यपणें म्हणाला, “आई, तूं फ्रिजला हात लावूं नकोस. काय हवं तें आम्हांला सांग, आम्ही काढून देऊं.” अक्का “बरं” म्हणाल्या. ज्या बाईनें पन्नास वर्षें एक मोठें घर आपल्या हातानें चालविलें, ती त्या दिवसापासून जेवतांना दह्याकरितां सुनेच्या तोंडाकडे पाहूं लागली. आम्ही त्या वेळीं तेथेंच टेबलापाशीं वर्तमानपत्र वाचीत बसलों होतों. आम्हीं पान उलटलें.

आपल्या नैयायिकांनीं कारणाचा विचार करतांना एक मोठी मार्मिक अट घातली आहे. कार्याच्या आधीं असणें एवढ्यानें कोणतीहि गोष्ट कारण होत नाहीं. ती नियमानें आधीं असली पाहिजे, आणि शिवाय ती ‘अन्यथासिद्ध’ असतां कामा नये. म्हणजे तिच्यावांचूनहि कार्याचा उलगडा होत असेल तर तिला कारणांच्या पंक्तींत स्थान नाहीं. याचें त्यांचें ठरलेलें उदाहरण म्हणजे कुंभाराचें गाढव. माती गाढवाच्या पाठीवरून आली हें खरें. घट होण्यापूर्वीं गाढव अंगणांत उभें होतें हेंहि खरें. तथापि घटाचें कारण गाढव नव्हे. माती डोक्यावरून आणली असती तरी घट झालाच असता. कावळा बसला आणि फळ पडलें, म्हणून कावळ्यावर आळ घेऊं नये, हा काकतालीय न्याय तर शाळेंतल्या मुलासहि ठाऊक असतो. आम्हांसहि ठाऊक होता. परंतु न्यायशास्त्र पुस्तकांत असतें तेव्हां कावळा हा कावळा असतो. घरांत मात्र तो घरांतलें कोणी तरी माणूस होऊन बसतो, आणि मग तो ओळखूं येत नाहीं.

आतां त्या पंख्याकडे वळूं. कारण तो काय करतो हें समजल्यावांचून तो कां थांबला हें समजणार नाहीं. पूर्वींच्या शीतकपाटांत बर्फ गोठण-कप्प्यांतच होई, आणि तें सरळच होतें. परंतु गोठण-कप्पा खालीं गेला, आणि बर्फ तर दारांतून हाताच्या उंचीवर मिळाला पाहिजे, अशी ग्राहकाची हौस. तेव्हां बर्फाचें बिऱ्हाड वरच्या कप्प्याच्या डाव्या कोपऱ्यांत नेण्यांत आलें. वरचा कप्पा भाजीपाला, दूध, फळफळावळ यांचा. तेथें सुमारें ३ अंश सेल्सियस उष्णमान राखावें लागतें. बर्फ टिकावयाचा तर शून्याच्या पुष्कळच खालीं उतरलें पाहिजे. म्हणजे शरदृतूच्या घरांत हिमालयाची एक खोली बांधावयाची! ती खोली म्हणजे उष्णतारोधक भिंतींची एक पेटी. तींत कोठें खालच्या कप्प्यांतील गार हवा नळीवाटें आणतात, कोठें शीतद्रव्याची नळी थेट बर्फाच्या साच्याखालून नेतात. आणि ती गार हवा पेटीभर फिरती ठेवण्यासाठीं हा लहानसा पंखा लावतात. तो बहुधा १२ व्होल्टच्या आसपासच्या एकदिश प्रवाहावर चालतो. दार उघडलें असतां गार हवा बाहेर लोटली जाऊं नये म्हणून तो थांबावा, अशीहि पुष्कळ ठिकाणीं योजना असते. दार उघडतांच घरघर थांबे त्याचें कारण हेंच.

अशा पेटीचा खरा शत्रु उष्णता नव्हे, ओलावा होय. हवा जितकी गार तितकी तिची बाष्प धरण्याची शक्ति कमी. ३० अंशांवर एक घनमीटर हवेंत सुमारें ३० ग्रॅम बाष्प मावतें. ३ अंशांवर सुमारें ६ ग्रॅम. आणि उणे १८ अंशांवर जेमतेम १ ग्रॅम. तेव्हां बाहेरची हवा कपाटांत शिरली, व कपाटांतली एखाद्या फटीनें बर्फाच्या पेटींत शिरली, कीं जें बाष्प तिला झेपत नाहीं तें ती वाटेंतच टाकते. आणि तें जेथें पडतें तेथें दंव होऊन बसतें. दंवावर दंव चढत जातें. एके दिवशीं त्याचा थर पंख्याच्या पात्यांपर्यंत येतो, पातीं त्यावर घासूं लागतात, व घरघर सुरू होते. कांहीं दिवसांनीं पातीं बर्फांत रुतून बसतात, व घरघर थांबते.

येथें त्या सांकेतिक आंकड्याविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. पंखा फिरत असतांना त्याच्या मोटरींतून एका बारीक तारेनें विजेचे ठोके कपाटाच्या नियंत्रण-पट्टीकडे जात असतात. ती पट्टी ते ठोके मोजते. पंख्यास प्रवाह दिला असूनहि ठोके येत नाहींत असें कांहीं काळ आढळलें म्हणजे ती आंकडा दाखविते. एवढेंच तिला ठाऊक असतें. पंखा झिजला, तार तुटली, जोडणीवर गंज चढला, कीं पातीं बर्फांत अडकलीं, हें तिला दिसत नाहीं. ठोके थांबले एवढीच तिची साक्ष. ती साक्ष खोटी नव्हती. आम्हीं साक्षीदारास न्यायाधीश केलें, ही चूक आमची. ‘पंख्याचा दोष’ या शब्दांचा अर्थ ‘पंख्याच्या ठिकाणीं दिसलेला दोष’ असा होता. आम्हीं तो ‘पंख्यानें केलेला दोष’ असा वाचला. जेथें दुःख प्रकट होतें तेथेंच त्याचें मूळ असलें पाहिजे, ही समजूत वैद्यांनीं केव्हांच टाकून दिली आहे. कुटुंबांत आणि कचेऱ्यांत ती अजून जिवंत आहे. घरांतलें जें मूल रडतें तेंच हट्टी ठरतें.

भाच्यानें प्रथम कपाटाची वीज तोडून दारें दिवसभर उघडीं ठेविलीं व बर्फ वितळविला. पंखा फिरूं लागला. आठ दिवसांनीं पुन्हां थांबला. मग त्यानें नवा पंखा मागविला, आणि एका शनिवारीं मोठ्या हौसेनें पेटी उघडून तो बसविला. आमचा भाचा हाताचा हुशार आहे. जुना पंखा त्यानें तळघरांतील फळीवर टाकून दिला. नवा पंखा बारा दिवस उत्तम चालला आणि तेराव्या दिवशीं, अगदीं पहिल्यासारखाच घरघरून, थांबला.

हा प्रसंग आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो, आणि त्या वेळीं तो आमच्यापैकीं एकाच्याहि लक्षांत आला नाहीं. ज्या गोष्टीच्या असण्यानें कार्य होतें व नसण्यानें होत नाहीं ती कारण, हा अन्वय-व्यतिरेकाचा नियम. जॉन स्टुअर्ट मिल यानें १८४३ सालीं आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथांत ज्या पद्धति सांगितल्या त्यांतहि हीच दृष्टि आहे. आतां पाहा. नवा पंखाहि त्याच जागीं त्याच रीतीनें थांबला, तेव्हां जुना पंखा निर्दोष ठरला. हें भाच्यानें ताबडतोब ओळखलें व तो हळहळला. परंतु त्याच बारा दिवसांत आणखी एक प्रयोग चालला होता. अक्कांनीं कपाटास बोटहि लावलें नव्हतें! कोमट दूध नाहीं, उघडें दार नाहीं. आणि तरी पंखा थांबलाच. म्हणजे एकाच पुराव्यानें दोघे आरोपी सुटावयास हवे होते. पंखा सुटला, अक्का तशाच राहिल्या. आईस हात लावूं नकोस म्हणून सांगितलें तें सावधगिरी म्हणून, पाहावें तर खरें म्हणून, सांगितलें होतें; पण निकाल लागला तेव्हां तो प्रयोग होता हेंच सर्व विसरले. संशयानें घातलेली बंदी संशय फिटल्यावर आपोआप उठत नाहीं, कारण तोंवर ती घरची रीत झालेली असते.

शेवटीं एक वयस्क कारागीर बोलावण्यांत आला. आम्ही मुद्दाम त्याच्याजवळ उभे राहून त्याचें काम पाहिलें, आणि तीन तासांत आमच्या ज्ञानांत जी भर पडली ती पुष्कळ ग्रंथांनीं पडली नव्हती. आल्याबरोबर त्यानें हत्यारांस हातच लावला नाहीं. तो प्रश्न विचारीत बसला. आवाज आधीं आला कीं आंकडा आधीं? बर्फ अजिबात होत नाहीं, कीं होऊन चिकटतो? बर्फ वितळविल्यावर किती दिवस चालतो? त्याच्या एकाहि प्रश्नांत ‘कोण’ हा शब्द नव्हता. मग त्यानें विचारलें, “पूर्वीं कधीं असा आवाज आला होता का?” भाचा ‘नाहीं’ म्हणत होता, सून थोडी थांबली, आणि म्हणाली कीं होय, दोन वर्षांपूर्वीं ऑगस्ट महिन्यांत आठवडाभर अशीच घरघर झाली होती, मग हवा बदलली आणि ती आपोआप गेली.

दोन वर्षांपूर्वीं ऑगस्टांत अक्का पुण्यास होत्या.

ही आठवण इतके दिवस कोठें होती? सुनेनें ती लपविली नव्हती. ती सरळ मनाची मुलगी आहे. गोष्ट अशी कीं, त्या वेळच्या घरघरीस चिकटवावयास कोणी माणूस नव्हतें, म्हणून ती स्मरणांत राहिली नाहीं. आपली स्मृति घडलेल्या गोष्टी सांठवीत नाहीं. ती खटले सांठविते. ज्या गोष्टीचा आरोपी सांपडत नाहीं ती गोष्ट ती दप्तरांत नोंदवीतच नाहीं.

कारागिरानें मग बर्फाची टोपली काढली, पेटीचें आच्छादन उकललें, आणि विजेरी पाडून आम्हांस आंत पाहावयास सांगितलें. दंव सर्वत्र सारखें नव्हतें. समोर, दाराच्या झडपेकडे, तें जवळजवळ नव्हतेंच. मागच्या वरच्या कोपऱ्यांत मात्र त्याचा पिसांसारखा जाड झुबका होता, आणि तो पेटी व कपाटाची भिंत जेथें जुळतात त्या सांध्यापासून निघाला होता. दाराच्या उघडझांपीनें ओलावा येत असता तर दंव दाराजवळ धरलें असतें. तें मागें धरलें, अर्थात् हवा मागून येत होती. कारखान्यांत पेटी बसवितांना त्या सांध्यांत केसाएवढी फट राहिली होती. ती पहिल्या दिवसापासून होती. हिंवाळ्यांत घरांतली हवा कोरडी, तेव्हां त्या फटीनें कांहीं बिघडत नसे. दमट उन्हाळा लागला कीं ती आपलें काम करूं लागे. कपाट विकणाऱ्या कंपनीचें नांव आम्ही येथें देत नाहीं. हा लेख फिर्याद नव्हे.

त्यानें वाफेनें सर्व बर्फ उतरविला. सुरीनें किंवा पेंचकसानें बर्फ कधीं खरवडूं नये, आंतली नळी फुटली तर कपाटच जातें, असें तो पुन्हां पुन्हां बजावीत होता. मग वीज तोडून कपाट पूर्ण कोरडें होऊं दिलें, दुसऱ्या दिवशीं येऊन तो सांधा अन्नाजवळ चालणाऱ्या सिलिकोन-लेपानें भरला, आणि तो वाळण्यास आणखी एक दिवस द्यावयास सांगितलें. जातां जातां त्यानें जुना पंखा मागितला. भाच्यानें तो तळघरांतून आणला. कारागिरानें त्याची तार पेटींत जोडली. दार बंद आहे असें कपाटास वाटावें म्हणून दाराची कळ बोटानें दाबून धरली. आणि तो टाकलेला पंखा मुकाट्यानें गरगर फिरूं लागला. कारागीर हंसला. आम्हांस कां कोण जाणे, हंसूं आलें नाहीं.

भाच्यानें त्यास दुधाविषयीं विचारलेंच. कारागिराचें उत्तर आम्हांस मोठें विचार करण्यासारखें वाटलें. तो म्हणाला कीं, गरम भांडीं ठेवल्यानें ओलावा वाढतो हें खरें. न ठेवावीं हें उत्तम. पण एवढें सोसण्यासाठींच तर कपाट केलेलें असतें. म्हणजे अक्का कुंभाराचें गाढव नव्हत्या. त्यांच्या दुधाच्या वाफेचा एखादा थेंब त्या बर्फांत होताच. कारणांच्या मांदियाळींत त्यांस अगदींच स्थान नाहीं असें म्हणतां येत नाहीं. आणि येथेंच खरा नैतिक प्रश्न सुरू होतो. कारण जो सर्वस्वीं निरपराधी असतो त्याच्याविषयीं निवाडा करणें सोपें असतें. ज्याचा अल्पसा हात असतो त्याच्या माथ्यावर किती भार ठेवावयाचा?

हार्ट आणि ऑनोरे या दोन कायदेपंडितांनीं १९५९ सालीं कारण व कायदा यांच्या संबंधावर एक ग्रंथ लिहिला. घरास आग लागावयास प्राणवायु लागतोच, परंतु आगीचें कारण प्राणवायु असें कोणी म्हणत नाहीं. जें नेहमींचें आहे ती परिस्थिति, व जें नेहमींच्या क्रमाबाहेरचें तें कारण, असा व्यवहाराचा दंडक त्यांनीं उलगडून दाखविला आहे. दंडक शहाणपणाचा आहे. पण आमच्या भाच्याच्या घरीं त्यानेंच घात केला. फट नेहमींची होती, म्हणून ती परिस्थिति ठरली, किंबहुना दिसलीच नाहीं. आणि नेहमींच्या क्रमाबाहेरचें त्या घरांत काय होतें? अक्का होत्या. नवखा मनुष्य ज्या घरांत येतो तेथें आधीं लपून असलेले सर्व दोष त्याच्या येण्याबरोबर जन्मास आल्यासारखे दिसतात. नव्या सुनेच्या पायगुणाच्या कथा आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आल्या, त्या याच तर्कावर. येथें तर्क तोच राहिला, सासू-सून तेवढ्या उलट झाल्या.

याहून खोल गोष्ट कॉलिंगवुड या इंग्रज तत्त्वज्ञानें १९४० सालच्या आपल्या तत्त्वमीमांसेवरील निबंधांत सांगितली आहे. चढावर मोटारगाडी बंद पडली, तर वाटसरू म्हणतो कीं चढ हें कारण. पण चालकास चढ सपाट करतां येत नाहीं. जाणता कारागीर येऊन यंत्रांतली सुटलेली तार दाखवितो. ती जोडतां येते. ज्याला जें करतां किंवा टाळतां येतें तेंच त्याच्यापुरतें कारण, असा कॉलिंगवुडचा अभिप्राय. यंत्रांच्या बाबतींत हा विचार फार उपयोगी आहे. माणसांच्या बाबतींत मात्र तो एक भयंकर गोष्ट उघड करतो. न्यू जर्सीची दमट हवा आमच्या भाच्याच्या हातची नव्हती. कारखाना हजारों मैल दूर. फट अदृश्य. त्या सबंध साखळींतील एकच दुवा असा होता कीं, ज्यास ‘असें करूं नकोस’ म्हणून सांगतां येत होतें, आणि जो ‘बरं’ म्हणणार होता. जेथें आपला शब्द चालतो तेथें आपल्यास कारण दिसतें. म्हणूनच घरांतील दोष बहुधा परावलंबी माणसाच्या पदरीं पडतो: लहान मुलाच्या, मोलकरणीच्या, किंवा म्हाताऱ्या आईच्या. त्यांच्यांत दोष अधिक असतो म्हणून नव्हे. तेथपर्यंत आपला हात पोंचतो म्हणून.

गंमत अशी कीं, यंत्रानें बर्फ करण्याच्या विद्येच्या आरंभींच एक चुकीचें कारण आहे. फ्लॉरिडांतील जॉन गोरी या डॉक्टरास हिंवतापाच्या रोग्यांच्या खोल्या गार ठेवावयाच्या होत्या. उष्ण व दूषित हवेनें ताप येतो, अशी त्याची, व त्या काळच्या सर्वांचीच, समजूत होती. त्या खटाटोपांतून त्यानें बर्फ करणारें यंत्र काढलें व १८५१ सालीं त्याचें पेटंट मिळविलें. हवा निर्दोष होती. डांसाच्या पोटांतील जंतु रोनाल्ड रॉस यास सिकंदराबादेस सांपडले ते १८९७ सालीं. गोरीनें दलदली बुजवाव्या, पाण्याचा निचरा करावा, असेंहि सांगितलें होतें, आणि तें चुकीच्या कारणासाठीं असूनहि योग्यच होतें. चुकीचें कारण धरणें हें पाप नव्हे. तसें असतें तर एकहि शास्त्रज्ञ पुण्यवान ठरता ना. परंतु गोरीनें दोष दिला तो हवेस. हवेचें मन दुखावत नाहीं. माणसावर कारणाचा आरोप करतांना आपण अनुमान करीत नसून शिक्षा देत असतों, मग शब्द कितीहि गोड असोत. तेव्हां तेथें पुरावा अधिक हवा, आणि पुरावा उलटला तर तें सांगण्याची जबाबदारीहि अधिक.

हें आम्हीं भाच्यास एके संध्याकाळीं बोलून दाखविलें. तो विचारी आहे, त्यानें शांतपणें ऐकून घेतलें, आणि म्हणाला, “पण मामा, मी आईला दोष दिलाच नव्हता.” हें अक्षरशः खरें आहे. त्यानें दोष दिला नव्हता. दोष दिला असता तर अक्कांनीं उत्तर केलें असतें, थोडी बोलाचाली झाली असती, आणि कारागीर येऊन गेल्यावर कोणी तरी ‘चुकलों’ म्हटलें असतें. सौम्य शब्दांत दिलेल्या ठपक्याची अडचण ही कीं, तो परत घेण्यास जागाच राहत नाहीं. जें दिलेंच नाहीं तें परत कसें घ्यावयाचें? भाच्यानें आईस इतकेंच सांगितलें होतें: “आई, फ्रिज झाला बरं का नीट.” त्यांत त्याचा आनंद होता. ‘तुझ्यामुळें नव्हतं’ हे दोन शब्द त्यांत नव्हते, आणि ते नाहींत हें त्याच्या गांवींहि नव्हतें.

तेव्हां तें आम्हींच सांगावें असें ठरविलें. ठरविण्यास दोन दिवस गेले, हें कबूल केलें पाहिजे. लहानपणीं ज्या बहिणीचें बोट धरून शाळेंत गेलों तिला असें कांहीं सांगणें साठी उलटल्यावर सोपें नसतें. निघण्याच्या आदल्या रात्रीं त्या एकट्या ओट्यापाशीं दूध तापवीत उभ्या होत्या. आम्हीं फटीची गोष्ट सांगितली, दंव मागें कसें धरलें होतें तें सांगितलें, दोन वर्षांपूर्वींची घरघर सांगितली, आणि त्या दिवशीं आपण गप्प बसलों तें चुकलें, असेंहि म्हटलें. अक्कांनीं दूध उतूं जाऊं नये म्हणून आंच कमी केली.

“मागं फट होती होय,” त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानें, “आणि तो जुना पंखा? तो टाकला का रे त्यांनीं?”

टाकला नाहीं, फळीवर जपून ठेवला आहे, असें आम्हीं सांगितलें.

“ठेवूं देत,” अक्का म्हणाल्या. आणि दूध निवण्यासाठीं त्यांनीं पातेलें परातींतल्या पाण्यांत ठेविलें.